गावाचे पांग

माझे थोरले चुलते कायमचे गावी परत आले तेव्हा पन्नाशीचेही नव्हते, पण एस.टी.तून उतरताना त्यांनी दाराची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. नव्वद साल उलटून एखाददुसरं वर्ष झालं असेल. मी सांगलीला शिकत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. त्यांना घ्यायला फाट्यावर अर्धं गाव जमलं होतं. कुणी हार आणला होता, कुणी गुलाल. आबांनी हार घालून घेतला, गुलालाला मात्र नको म्हणाले. "नाकात जातो रं," एवढंच बोलले आणि रुमाल तोंडाला लावून चालू लागले.

आमचं गाव आटपाडीच्या अलीकडे, उघड्या माळावर. बाजरी, मटकी आणि मेंढरं. पाऊस रुसला की तेही नाही. अशा मुलखातली माणसं पोटासाठी बाहेर पडली ती गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं-चांदी घ्यायची, कोळशाच्या भट्टीत वितळवायची, तेजाबात घालून शुद्ध करायची, असं ते काम. तेजाबातून तांबूस पिवळा धूर निघतो. दुकानं बहुतेक बोळातली, एका खिडकीची, त्यामुळे तो धूर बाहेर जाण्याआधी माणसाच्या छातीतून फिरून जातो. हे मला खूप नंतर कळलं. लहानपणी गलाईवाला म्हणजे दिवाळीला येणारा, सेंट लावलेला, पोरांना चॉकलेटं वाटणारा माणूस, एवढंच ठाऊक होतं.

आबा चौथी झाल्यावर तमिळ मुलखात गेले. आधी दुसऱ्याच्या दुकानात भट्टीपाशी बसले, मग स्वतःचं दुकान काढलं. त्यानंतर गावातलं जे घर अडचणीत येईल त्या घरातलं एक पोरगं आबा आपल्याबरोबर न्यायचे. ती पोरं काम शिकली, मोठी झाली, त्यांनी आपापली दुकानं काढली, ती आणखी पोरं घेऊन गेली. गावात जेवढी स्लॅबची घरं उभी राहिली, त्यातल्या बहुतेक घरांचा पाया शोधत गेलं तर तो आबांच्या दुकानात सापडायचा. म्हणून गाव त्यांना मानत होतं. आता दुकान मुलाच्या हाती देऊन ते आले होते, आणि गावाला एकच वाटत होतं. देवळाला शिखर नव्हतं. आबा शिखर बांधतील.

चारच दिवसांनी देवळापुढच्या पारावर बैठक झाली. आम्ही बायका भिंतीकडेला उभ्या होतो. गावचे जुने पोलीस पाटील सगळ्यांत वडीलधारे. त्यांनीच विषय काढला.

"तुमी गावाची पोरं मार्गाला लावली. आता देवाचं तेवढं करा. शेजारच्या गावानं शिखर बांधलं, आमी अजून उघड्या माथ्यानं बसलोय."

आबांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "पाटील, मी हायस्कूल काढायचं म्हंतोय."

कुणाला नीट कळलंच नाही. गावात सातवीपर्यंतची शाळा होती. पुढं शिकायचं तर चालत दुसऱ्या गावी जावं लागे. पण सातवीनंतर मुलगे भट्टीवर जात आणि मुलींची लग्नं होत, त्यामुळे पुढच्या शाळेची अडचण कुणाला फारशी जाणवली नव्हती.

"आन् त्यात शिकणार कोण?" पाटलांनी विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

"पोरं शिकतील की," आबा म्हणाले.

कुणी विरोध केला नाही. आबांना विरोध करण्याची गावाला सवय नव्हती. पण माणसं उठून जाताना नेहमीसारखी बोलत बोलत गेली नाहीत, एकेकटी गेली. घरी आल्यावर माझे वडील म्हणाले, "दादा, देवळाचं आधी केलं असतं, तर शाळंलाबी कुणी न्हाई म्हनलं नसतं." आबा खाटेवर आडवे झाले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुढच्या वर्षी मी बी.एड.ला होते. आबांची छाती तपासायला मिरजेला यावं लागे, आणि तिथलं काम आटोपलं की ते सांगलीला माझ्या होस्टेलवर यायचे. होस्टेलमध्ये पुरुष माणसाला आत घेत नसत, म्हणून आम्ही घाटावर जाऊन बसायचो. कृष्णेचं पाणी बघायला त्यांना फार आवडे. एकदा असेच बसलो असताना त्यांनी विचारलं, "शिकून झाल्यावर काय करणार हायेस?"

मी सांगितलं, इथल्याच एका शाळेत जागा होईल असं कॉलेजच्या बाई म्हणाल्यात. मला सांगली आवडू लागली होती. सकाळी हळदीच्या वखारींवरून जाताना येणारा वास, नाट्यगृहाबाहेरची गर्दी, कुणी ओळखत नसलेल्या रस्त्यावर एकटीनं चालणं, हे सगळं मला सोडवत नव्हतं.

"गावाकडं ये," आबा म्हणाले. "शाळंला बाई पायजे."

मग मी विचारलं ते खरं म्हणजे टाळण्यासाठीच. "आबा, तुम्ही एवढं सगळं गावासाठी केलंत. अजून कशाला जिवाला त्रास करून घेता? शिखर बांधा आणि मोकळे व्हा. गावाचे पांग फिटले म्हणा."

ते नदीकडेच बघत होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं तेजाबानं कायमची पिवळी पडली होती आणि नखं पातळ झाली होती. ती बोटं गुडघ्यावर ठेवून ते म्हणाले, "गावाला वाटतंय मी दिलं. मी दिलं न्हाई, पोरी. मी नेलं. घरटी एकेक पोरगं नेलं. सगळी दुकानदार झाली न्हाईत. जी झाली ती दिवाळीला दिसत्यात. जी खोकत आली आन् मेली, त्यांचं कोण बोलत न्हाई. त्यांच्या आया मला रस्त्यात दिसल्या की पदर डोक्यावर घेत्यात, पाया पडत्यात. का, तर मी त्यांच्या पोराला काम दिलं हुतं. मला ते सोसत न्हाई."

बोलता बोलता त्यांना ठसका लागला. मी पाण्यासाठी उठले तर त्यांनी हातानं खाली बसवलं. ठसका गेल्यावर म्हणाले, "आता मला ती पोरं गावात ठेवायची हायेत. जमतील तेवढी."

त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. जून महिन्यात मी पेटी घेऊन गावी आले.

शाळेच्या तीन खोल्या काळ्या दगडाच्या होत्या, वर पत्रा. विनाअनुदान तत्त्वावर परवानगी मिळाली होती, म्हणजे सगळा खर्च आबांच्या दुकानातून यायचा. विट्याचे एक निवृत्त गुरुजी मुख्याध्यापक म्हणून रोज येत आणि मी. पहिल्या वर्षी आठवीचा वर्ग भरला. मुलगे पुढच्या बाकांवर, मुली मागे. आबा रोज सकाळी काठी टेकत यायचे आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसायचे. आत येत नसत. मी शिकवत असताना कधी बाहेर नजर गेली तर ते मान कलती करून ऐकत असलेले दिसायचे. इतिहासाचा तास त्यांना आवडे. गणिताच्या तासाला त्यांना झोप लागायची.

ते चार-पाच महिने चांगले गेले. मुलं शिकत होती. त्यातला एक मुलगा भूमितीत फार हुशार होता. माळावरच्या वस्तीवरून यायचा. वडील नव्हते, आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. फळ्यावर मी आकृती अर्धवट काढली की हा बाकावरून उठून उरलेली रेघ कुठून जाईल ते सांगायचा. गुरुजी म्हणायचे, याला पॉलिटेक्निकला कराडला धाडू. तो लाजायचा.

दिवाळी आली आणि गलाईवाले सुट्टीला आले. दर वर्षीप्रमाणे पारावर मैफली बसल्या. कुणाचं दुकान कोचीनला, कुणाचं लखनौला, कुणी अगदी आसामात. नव्या मोटारसायकलींवरून ते पोरांना फिरवून आणत. परत जाताना त्यांच्या गाड्यांतून माझ्या वर्गातली मुलं गेली. शाळा पुन्हा भरली त्या दिवशी मी हजेरी घ्यायला उभी राहिले, तर पुढचे बाक जवळजवळ मोकळे होते. मागे मुली जशाच्या तशा बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "बाई, आमी फुडं येऊन बसू का?"

मी म्हटलं, "या."

आबांनी खिडकीतून ते पाहिलं. त्या दिवशी ते लवकर घरी गेले.

भूमितीवाला मुलगा तेवढा राहिला होता. पण त्याच आठवड्यात त्याची आई आमच्या घरी आली. संध्याकाळची वेळ होती, थोरली आई, म्हणजे माझी चुलती, अंगणात धान्य पाखडत होती. ती बाई उंबऱ्याच्या बाहेरच बसली. हाताला खडीनं घट्टे पडले होते, एका बोटाला चिंधी बांधली होती.

"आबा, माझ्या पोराला तुमच्या दुकानात घ्या," ती म्हणाली.

आबा म्हणाले, "तो शिकतोय. लय चांगलं डोस्कं हाय त्याचं. दहावी हूं दे, फुडचं मी बघतो."

"दहावी व्हायला अजून दोन वर्सं. तवर खायाचं काय? घरात धाकटी पोरगी हाय. माझ्या पाठीत आता खडी फोडायचं बळ न्हाई."

"धान्य मी देतो. घरातनं घेऊन जात जा."

हे ऐकून ती बाई जरा ताठ झाली. "मी मागाय आली न्हाई, आबा. काम मागाय आलीया. समद्या गावाला तुमी दिलं. पाटलाच्या पोराला दिलं, तेल्याच्या दिलं. माझंच पोरगं का वाईट?"

"वाईट न्हाई म्हून तर न्हाई म्हंतोय," आबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "ह्या छातीकडं बघ. ही त्याची करायची हाय का तुला?"

ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं नजर फिरवून आमच्या घराकडे पाहिलं. माडी, गच्चीवरची जाळी, दारापुढचा हौद. ती हळू आवाजात म्हणाली, "तुमची छाती गेली, पर घर झालं की. माझी छातीबी जाईल खडीच्या धुरळ्यानं. घर न्हाई हुयाचं."

थोरल्या आईनं तिच्या ओच्यात जोंधळे घालायला सूप उचललं, पण ती पदर झाडून उठली आणि चालती झाली.

महिन्याभरात मुलगा गेला. शेजारच्या गावच्या एका दुकानदारानं त्याला ओरिसात नेलं. जायच्या आदल्या दिवशी तो शाळेत आला होता, दप्तर न घेता. गुरुजींच्या पाया पडला, माझ्या पडला. आबांच्या खुर्चीपाशी गेला तेव्हा आबांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तोंडाला फडकं बांधत जा. भिजवून. ध्यानात ठेव." तो पोरगा हो हो म्हणत मान हलवत होता. त्याला निघायची घाई होती. आगगाडीत तो पहिल्यांदाच बसणार होता.

शाळा पुढे चालू राहिली. नववीचा वर्ग निघाला, मग दहावीचा. दर वर्षी जूनमध्ये मुलगे यायचे आणि दिवाळीनंतर गळायचे. राहायच्या त्या मुली. शेवटी अशी वेळ आली की नववीत सगळ्या मुलीच होत्या. मला त्याचा आनंद वाटायचा. ज्या मुली सातवीतून थेट बोहल्यावर जायच्या त्या आता त्रिकोणाचे गुणधर्म पाठ करत होत्या. एकदा मी आबांना तसं म्हणाले. ते खाटेवर बसून औषधाची बाटली हलवत होते.

"पोरींचं चांगलंच हाय," ते म्हणाले. "पर पोरी काय, आज ना उद्या जायच्याच. मला पोरं ठेवायची हुती."

ते मला लागलं. त्यांनी मला सांगलीहून बोलावून आणलं होतं आणि मीही कुणाची तरी पोरगीच होते. पण ते ज्या सुरात बोलले त्यात कुणाला कमी लेखण्याची ताकदही उरली नव्हती. मी बाटलीचं बूच लावलं आणि बाहेर गेले.

मुलींचंही सरळ चाललं नव्हतं. पाऊस नसला की गावात टँकर येई, आणि तो कधी येईल याचा नेम नसे. भोंगा ऐकू आला की वर्गातल्या मुली माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवली की दप्तरं तिथेच टाकून घागरींकडे पळायच्या. काही परत यायच्या, काही नाही. नववीतली एक मुलगी सुट्टीनंतर आलीच नाही. चौकशी केली तर कळलं, तिचं लग्न झालं, नवरा मुलगा गलाईतलाच, चांगलं स्थळ आहे. तिच्या आईनं मला लग्नातला लाडू आणून दिला.

ओरिसातल्या मुलाची बातमी आली ती एका गलाईवाल्याकडून, तोंडी. भांड्यातून तेजाब उडालं आणि त्याच्या डोळ्यात गेलं. मालक दुकानात नव्हता, पोरांनी साध्या पाण्यानं धुतलं, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. एक डोळा गेला.

ही बातमी आबांना सांगू नये असं आम्ही ठरवलं होतं, पण गावात असं काही लपत नाही. त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं आणि मला म्हणाले, "चल, वस्तीवर जायाचंय." वस्ती लांब होती आणि त्यांना दहा पावलांवर थांबावं लागे. वडिलांनी बैलगाडी जुंपली. आम्ही पोचलो तेव्हा ती बाई दारात बसून बाभळीच्या शेंगा निवडत होती, शेळीला घालायला. आबांना बघून उठली, घोंगडं अंथरलं, तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि पुन्हा शेंगा निवडायला बसली.

आबा पाणी प्यायले.

"त्याला हिकडं आणू," आबा म्हणाले. "मिरजेला दावू."

"दावलं तिकडं," ती म्हणाली. "गेलेला डोळा येत न्हाई म्हंत्यात."

"मंग निदान शाळंत..."

ती शेंगा निवडायची थांबली. "आबा, तो पगार धाडतोय. तिथंच ऱ्हाऊ द्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर आबांना बरं वाटलं असतं असं मला वाटतं. परत येताना गाडीत त्यांनी पूर्ण वेळ रुमाल तोंडावर धरला होता. मला वाटलं धुळीसाठी.

त्याच्या पुढच्या वर्षी देवळाचं शिखर झालं. बाहेर असलेल्या तरुण गलाईवाल्यांनीच ते एकत्र येऊन बांधलं. त्यात आबांनी नेलेली पोरं होती, त्यांनी नेलेल्या पोरांनी नेलेली पोरं होती, आणि आमच्या शाळेच्या पहिल्या वर्गातून उठून गेलेली पोरंही होती. कळस चढवण्याचा दिवस मोठा झाला. ट्रकमधून मंडप आला, पुण्याहून बँड आला. पाटील थकले होते तरी फेटा बांधून आले. मुलांनी आबांना खुर्चीत बसवून उचलून आणलं आणि कळसाची पहिली पूजा त्यांच्या हातून करवून घेतली.

"आबा, तुमच्यामुळं झालं हे," एकजण माइकवरून म्हणाला. "तुमी आमास्नी हात दिला नसता तर आज गाव असं दिसलं नसतं."

टाळ्या वाजल्या. आबांनी हात जोडले. मी त्यांच्या मागेच उभी होते. त्यांच्या मानेवरच्या शिरा श्वासागणिक वर येत होत्या. ते काही बोलतील म्हणून माइक त्यांच्या तोंडापुढे धरला गेला. त्यांच्या श्वासाची घरघर तेवढी कर्ण्यातून गावभर ऐकू गेली. मग कुणीतरी माइक बाजूला घेतला आणि बँड सुरू झाला.

ती मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांच्या आयांना स्लॅबची घरं मिळाली होती, बहिणींची लग्नं झाली होती. गावानं आबांना मनापासून मान दिला होता. फक्त ज्या गोष्टीसाठी दिला, ती त्यांना विसरायची होती.

त्यानंतर आबा शाळेकडे आले नाहीत. घरीच असायचे. रात्री बसूनच झोपायचे, उशीला टेकून. झोपेत कधी कधी तमिळमध्ये बोलायचे, आणि ते आमच्यापैकी कुणालाच कळत नसे. थोरली आई म्हणायची, गिऱ्हाइकाशी बोलत्यात. त्यांचा मुलगा दोनदा येऊन भेटून गेला. तो चांगला मुलगा होता, पण शाळा म्हणजे वडिलांचा एक हट्ट असंच त्याला वाटे. आजारी माणसाचा हट्ट म्हणून तो पुरवत होता. त्याच हिवाळ्यात एका सकाळी थोरली आई चहा घेऊन गेली तर आबा गेलेले होते.

त्यांच्या अंत्ययात्रेला पंचक्रोशी लोटली. इतकी माणसं मी त्याआधी गावात पाहिली नव्हती. दहाव्याला मुलानं सगळ्यांसमोर जाहीर केलं की वडिलांच्या नावानं देवळापुढे सभामंडप बांधू. लोकांना समाधान वाटलं. शाळेचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही. त्या घरात आणि त्या दिवशी तो कसा काढायचा ते मला कळलं नाही.

शाळा आणखी एक वर्ष चालली. दहावीला ज्या मुली उरल्या होत्या त्यांच्यासाठी गुरुजी आणि मी येत राहिलो. त्यातल्या काही पास झाल्या. मग पटसंख्या पुरत नाही म्हणून परवानगी पुढे वाढली नाही. शेवटच्या दिवशी आम्ही दोघांनी नकाशे गुंडाळून ठेवले, खिडक्या लावल्या, आणि किल्ली माझ्या वडिलांकडे दिली. मी गुरुजींना सोडायला फाट्यापर्यंत चालत गेले. "बाई, आपण काही वाईट केलं नाही," ते म्हणाले. मी हो म्हणाले. त्यांची विट्याची एस.टी. आली आणि ते गेले.

माझं लग्न साताऱ्याला झालं. तिथे मला एका शाळेत नोकरी मिळाली. गावी जाणं वर्षातून एकदा-दोनदा, तेही धावतपळत.

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मी अशीच गावी निघाले होते. कराडच्या स्टँडवर विट्याच्या गाडीची वाट बघत बसले होते, तर बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई डोक्यावरचं गाठोडं उतरवत होती. वस्तीवरची ती बाई. ती आता वाकली होती. मी हाक मारली तेव्हा तिनं मला लगेच ओळखलं नाही. मग म्हणाली, "शाळंतल्या बाई व्हय?" आणि माझ्याजवळ सरकून बसली.

ती मुलाकडे निघाली होती. गावचाच एक माणूस सोबत होता, तो रेल्वेची चौकशी करायला गेला होता. मुलाचं लग्न झालं होतं, बाळंतपण होतं, म्हणून तिला बोलावलं होतं. मी विचारलं, बरा आहे का तो. ती म्हणाली, "बरा हाय. एका डोळ्यानं काम करतोय. मालकानं ठेवलाय."

थोडा वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. पाऊस, शेळ्या, तिची धाकटी मुलगी. ती आमच्याकडे आठवीपर्यंत आली होती, मग लग्न झालं. मग आपण होऊनच ती म्हणाली, "आबा देवमाणूस हुतं. पर माझ्या पोराला त्यांनी न्यायाला पायजे हुतं."

मी तिच्याकडे बघितलं.

"तो जायाचाच हुता, बाई. कुणाबरूबर तरी जायाचाच हुता. आबांच्या दुकानात गेला असता तर घरच्या माणसाच्या नजरंखाली ऱ्हायला असता. त्यास्नी समदं ठावं हुतं की. कवा बसवायचं भट्टीम्होरं, कवा न्हाई. परक्याला काय, कुणाचं बी पोर." ती पदराच्या टोकाशी खेळत होती. "त्यास्नी वाटलं, न्हाई म्हनलं की पोर वाचंल. आमाला न्हाई म्हनून चालतंय व्हय?"

घाटावर आबा जे बोलले होते ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते तिला सांगून काय झालं असतं? आबांच्या दुकानातही पोरं खोकत खोकत गेली होती, हे तिला माहीत असणारच. तिनं त्याचा हिशेब आधीच मनाशी करून टाकला होता आणि तरीही तिचं म्हणणं तेच होतं. ती चुकत होती असं मला वाटेना. आबा चुकले असंही म्हणवेना.

तिच्या सोबतचा माणूस परत आला आणि म्हणाला, "चला मावशी, स्टेशनावर जायाला रिक्षा मिळालीया." ती उठली. गाठोडं फार जड होतं. बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. मी हात लावला आणि आम्ही दोघींनी मिळून ते तिच्या डोक्यावर चढवलं. "गावाकडं आलात की वस्तीवर या," ती म्हणाली आणि त्या माणसामागोमाग गर्दीतून निघून गेली.

विट्याची गाडी बऱ्याच उशिरानं लागली. मला खिडकीची जागा मिळाली.